माइनक्राफ्ट खेळणाऱ्या पोराकडून गणित कसं करून घ्यावं?

पांदण_रस्ता (ता. दारव्हा)
भाचा चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सारखा माइनक्राफ्ट (ठोकळे म्हणजे ब्लॉक रचून बांधायचा गेम) खेळून राहते. घरचे म्हणतात मोबाइल काढून घ्या. मला वाटते, त्यातूनच गणित अन् थोडं इंग्रजी होत असेल तर काऊन नाही? नेमकं काय करायला द्यावं? घरी 4 जीबीचा जुना लॅपटॉपही आहे, पण नेट मोबाइलपुरतंच.

निंबोळी
होते, पण नुसतं खेळू देऊन नाही. आधी क्रिएटिव्ह मोड बंद करा. त्यात सामान संपतच नाही, मग हिशोब कोण कशाला करते? सर्व्हायव्हल ठेवा, डिफिकल्टी ‘पीसफुल’. राक्षस येत नाहीत, भूक लागत नाही, पण लाकूड तोडूनच आणावं लागते.

मग काम द्या: 20 × 20 ब्लॉकचं वावर अन् भोवती कुंपण. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. तेव्हा 400 चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत 4 आर, एकराचा जवळपास दहावा हिस्सा. झाडाला हात लावायच्या आधी ओंडके किती लागतील ते वहीत लिहून घ्यायचं.

एका ब्लॉकवर एक कुंपण बसते, म्हणून पोट्टे 20 × 4 = 80 कुंपणं लिहितात. लागतात 84, कारण कुंपण वावराच्या बाहेरच्या ओळीत येते अन् चार कोपरे वेगळे पडतात. हे आधी सांगू नका. कोपरे उघडे राहिले की स्वतःच मोजायला बसते.

4 फळ्या अन् 2 काड्यांची 3 कुंपणं होतात. म्हणजे 28 वेळा बनवायचं: 112 फळ्या, 56 काड्या. 2 फळ्यांच्या 4 काड्या, म्हणून आणखी 28 फळ्या. एकूण 140. एका ओंडक्याच्या 4 फळ्या, म्हणजे 35 ओंडके. उत्तर 28 आलं तर समजा, काड्यांच्या फळ्या धरल्याच नाहीत. ही ठरलेली चूक.

तुरीच्या_शेंगा
याच वावरात पाण्याचं गणितही घ्या, मला ते जास्त मोलाचं वाटते. पाण्याचा एक ब्लॉक चारी बाजूंनी 4-4 ब्लॉक ओलवते, म्हणजे 9 × 9 = 81 चा चौकोन. पोरगं 400 ला 81 नं भागते, 4.94 येते, 5 खड्डे खणते, अन् कडेची जमीन कोरडीच. 20 मध्ये 9 दोनदा बसतात, 2 ब्लॉकची पट्टी उरते, तिलाही पाणी लागतेच. म्हणून 3 × 3 = 9 खड्डे. पेरायला उरले 391 ब्लॉक.

पाढे मात्र यातून पाठ होत नाहीत. त्यासाठी लॅपटॉपवर टक्समॅथ टाका: फुकट आहे, नेटशिवाय चालते. वरून धूमकेतू पडतात, त्यावरच्या गणिताचं उत्तर टाइप करायचं. पण पोर हरते ते 7 × 8 येत नाही म्हणून नाही, 5 अन् 6 ची बटणं वेळेवर सापडत नाहीत म्हणून. सुरुवातीला नुसते आकडे टाइप करायचे धडे आहेत, ते गाळू नका.

बोंडअळी
इंग्रजीच्या भ्रमात राहू नका बाप्पा. पोट्टे चित्र पाहून बोट दाबतात, शब्द कोणी वाचत नाही. त्यापेक्षा लाकडी पाटी बनवून प्रत्येक पेटीवर आतल्या सामानाचं नाव टाइप करायला लावा. स्पेलिंग पाहून लिहावं लागते, तिथं लक्ष जाते.

अन् ‘शैक्षणिक’ म्हणून मिळणारी फुकट ॲप तपासून घ्या. चार पर्याय देऊन चुकीवर दुसरी संधी देत असेल, तर पोर अंदाजपंचे टिचक्या मारत पुढे जाते. ते गणित नव्हे.

पांदण_रस्ता
वावराचं आजच देतो. पण हे लॅपटॉपवर जमेल का? मोबाइल दिवसभर त्याच्या हाती द्यायचा नाही.

निंबोळी
लुआंटी घ्या, माइनक्राफ्टसारखंच आहे. पूर्वीचं माइनटेस्ट, 2024 मध्ये नाव बदललं. फुकट आहे, 4 जीबीत चालते. आतला ‘माइनटेस्ट गेम’ एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवून ठेवा, पुढं नेट लागत नाही. फक्त आकडे बदलतात: तिथं पाणी 3 ब्लॉकपर्यंतच पोचते, चौकोन 7 × 7 चा. 20 × 20 ला भागाकार करूनही 9 च येतात, चूक उघडीच पडत नाही. वावर 22 × 22 द्या. भागून 10 येतील, लागतील 16.