मदत हवी आहे: कॉट्सवल्ड्समध्ये तीन दिवस सायकल, रूट ठरत नाहीये

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी, पटकन मदत हवीये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस इंग्लंडच्या कॉट्सवल्ड्स टेकड्यांमध्ये सायकलने फिरायचंय. राहायचं बुकिंग आज-उद्यात केलं नाही तर काही मिळणार नाही आणि माझा अजून रूटच ठरत नाहीये. अ‍ॅपमध्ये गावं टाकली की ते एकतर ए४२९ या मोठ्या रस्त्यावरून नेतं, तिथे गाड्या सुसाट, नाहीतर शेतात घालतं. मागच्या रविवारी ट्रायल म्हणून गोरिंगच्या बाजूला गेले होते, तर कुंपणावर चढायच्या त्या लाकडी पायऱ्या असतात ना, तिथून सायकल उचलून पलीकडे टाकायची, असं चार वेळा झालं, वर स्ट्रीटलीचा चढ. ३८ किमीला पाच तास लागले. रोज ८० किमी धरलेत. कृपया रूट सांगा, "सुंदर आहे, मजा करा" एवढंच नको.

घाटमाथा:
कुठून निघणार? सायकल कुठली, गिअर किती, सामान किती, एकटी की बरोबर कोणी? हे कळल्याशिवाय रूट सांगणं म्हणजे उंची न विचारता सायकल विकणं.

पल्लेदार:
कॉट्सवल्ड्समध्ये सगळेच जातात. सीटूसी (समुद्र ते समुद्र सायकल रूट) करा. व्हाइटहेवनला आयरिश समुद्रात मागचं चाक बुडवायचं आणि टाइनमथला नॉर्थ सीत पुढचं. साधारण २२५ किमी, मध्ये लेक डिस्ट्रिक्ट, मग पेनाइन्स. आम्ही चौघांनी चार दिवसांत केलं, दोन दिवस पाऊस होता तरी आयुष्यभर लक्षात राहील. पश्चिमेकडून पूर्वेला करा म्हणजे वारा पाठीशी.

कालव्याकाठी:
गोरिंगला गेलात म्हणजे रीडिंगच्या आसपास राहता का? मग घराजवळून केनेट अँड एव्हन कालवा जातो की! रीडिंग ते बाथ साधारण १२० किमी, चढ जवळपास नाहीच. डिव्हायझेसला केन हिलची २९ लॉक्स (बोटी वर-खाली करायची पाण्याची दारं) एकाखाली एक बघायला मिळतात. १८१० साली पूर्ण झालेला कालवा, काठाने हिरवीगार झाडी, नांगरलेल्या बोटींवर लोक राहतात, त्यांच्याशी गप्पा होतात. तीन दिवसांत आरामात.

द्राक्षवेल:
हो, रीडिंग. माझी सायकल हायब्रिड आहे, पुढे तीन चकत्या. सामान मागच्या कॅरिअरला दोन बॅगा. दोघं आहोत. सीटूसी आणि कालवा पुढच्या वेळी नक्की, पण यावेळी कॉट्सवल्ड्सच, त्याला कारण आहे.

घाटमाथा:
दुसरं कोण? त्यांची सायकल? त्यांना सवय?

निवांत_६७:
हेल्मेटबद्दल सांगतो. इथे कायद्याने सक्ती नाही पण घालाच. अंधार पडल्यावर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र सक्तीचा, मागे लाल रिफ्लेक्टरही.

द्राक्षवेल:
@निवांत_६७ धन्यवाद, दोन्ही आहेत.
@घाटमाथा बाबा येतायत नाशिकहून. वय ६३. पंढरपूरची सायकल वारी दरवर्षी करतात, दिवसाला शंभर-सव्वाशे किमी सहज, म्हणून तर ८० धरले. त्यांची सायकल इथे भाड्याने घ्यायचीये. आजोबांच्या एका जुन्या कॅलेंडरवर मधासारख्या पिवळ्या दगडांच्या घरांचं चित्र होतं, खाली बर्फर्ड लिहिलेलं. बाबा लहानपणापासून ते बघत आलेत. त्यामुळे बर्फर्ड हवंच.

घाटमाथा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. वारीचे सव्वाशे आणि इथले ८० यांची तुलनाच होत नाही. कसारा घाट लांब आहे पण एकदा लय लागली की माणूस चढून जातो. इथे चढ एक-दीड किलोमीटरचाच, पण अंगावर येतो, संपला की लगेच खाली उतरायचं आणि परत तेच. पन्नास किमीत सहा-सातशे मीटर चढ होतो आणि दिवसभरात डोंगर म्हणावा असा एकही दिसलेला नसतो. क्लीव्ह हिल हा सगळ्यात उंच भाग, तोही ३३० मीटर. किमी मोजू नका, चढ मोजा. रोज ४० च्या पुढे जाऊ नका.

बाबांना एका वाक्यात समजवायचं तर हा सह्याद्रीच आहे, छोटा. पश्चिमेला कडा, कोकणकड्यासारखा, आणि पूर्वेला उतरती जमीन देशासारखी. विंडरश, ईव्हनलोड या नद्या देशावरच्या नद्यांसारख्या आग्नेयेकडे थेम्सला जातात. नदीच्या बाजूने गेलात तर सुख, आडवे गेलात तर प्रत्येक खोऱ्यात उतरा आणि चढा. अ‍ॅपला हे कळत नाही, ते जवळचा रस्ता बघून आडवं नेतं.

कालव्याकाठी:
म्हणजे ६३ वर्षांच्या माणसाला हे सगळं करायला लावायचं? कालवा सपाट आहे हो.

पल्लेदार:
माणूस पंढरपूरला सायकलने जातो, त्याला सपाट कालव्यावर नेणार? आणि रीडिंग ते डिव्हायझेसच्या पट्ट्यात कितीतरी ठिकाणी नुसती गवताची वाट आहे, पाऊस पडला की चिखल. चांगला भाग डिव्हायझेस ते बाथ.

कालव्याकाठी:
जूनमध्ये चिखल नसतो. मी तीनदा गेलोय.

पल्लेदार:
मी दोनदा गेलोय आणि दोन्हीदा जूनमध्ये, दोन्हीदा चिखल.

टेकाड:
तुमचं चालू द्या, मी रूट देते, आम्ही दोघांनी केलाय. रीडिंगहून वूस्टरकडे जाणाऱ्या गाडीने मोर्टन-इन-मार्श. सायकलची जागा आधी बुक करा, पैसे पडत नाहीत पण डब्यात जागा अगदी मोजक्या, आणि सायकल उभी टांगावी लागते, तेव्हा बॅगा आधीच काढून ठेवा. पहिला दिवस मोर्टन, चिपिंग कॅम्डन (कॅम्पडन लिहितात, प म्हणत नाहीत), तिथून कडा उतरून ब्रॉडवे. हा उतार मोठा आहे, ब्रेक आधी तपासा. ब्रॉडवेपासून कड्याच्या पायथ्याने स्टँटन, स्टॅनवे, हेल्स करत विंचकम. हा पट्टा जवळपास सपाट आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर, बसेस नाहीत, घरं तीच पिवळी, संध्याकाळी ऊन तिरकं व्हायला लागलं की दगड आतून उजळल्यासारखा दिसतो. मुक्काम विंचकम.

दुसऱ्या दिवशी विंचकमहून परत कड्यावर चढायचं. ढकला. खरंच ढकला, त्यात काही कमीपणा नाही. वर गाइटिंग पॉवर, मग नॉन्टन, इथून विंडरशच्या बाजूने. लोअर आणि अप्पर स्लॉटर बघा, नावाचा कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत चिखलाच्या जागेला तसा शब्द होता. मुक्काम बोर्टन-ऑन-द-वॉटर. दुपारी तिथे जत्रा असते, सहानंतर गाव शांत होतं आणि नदीकाठ आपलाच.

तिसरा दिवस ग्रेट रिसिंग्टन, ग्रेट बॅरिंग्टन, टेन्टन करत बर्फर्ड. नदीची साथ आहे पण रिसिंग्टनला एक चढ आहेच. बर्फर्डच्या हाय स्ट्रीटवर वरच्या टोकापर्यंत चालत जा आणि मागे वळून बघा, कॅलेंडरवर बहुतेक तोच उतार असणार. मग स्विनब्रुक, मिन्स्टर लोव्हेल, शेवटी चार्लबरी स्टेशन, रीडिंगला परत. ए४२९, ए४०, ए४४ फक्त ओलांडायचे.

घाटमाथा:
+१. फक्त अ‍ॅपवर राहू नका, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा गुलाबी कव्हरचा लँडरेंजर नकाशा घ्या, मधल्या भागासाठी १६३ नंबर. पिवळे बारीक रस्ते आपले. त्यावर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे २० च्या वर. आणि रविवारी झालं ते याच नकाशावर आधी दिसलं असतं: लहान तुटक रेघ पायवाट, लांब तुटक रेघ ब्रायडलवे (घोडेस्वारांची वाट). ब्रायडलवेवर सायकल न्यायचा हक्क १९६८ च्या कायद्यापासून आहे, पायवाटेवर नाही.

निवांत_६७:
ई-बाइक का घेत नाही? २५० वॉट, ताशी साडेपंधरा मैलांपर्यंत मोटर साथ देते, लायसन्स लागत नाही. वडिलांना चढ जाणवणारच नाही.

द्राक्षवेल:
विचारलं होतं. बाबा म्हणाले, "मोटर लावून विठोबाकडे गेलो नाही, आता कशाला." तो विषय संपला. @टेकाड, खूप खूप आभार, डोळ्यांत पाणी आलं वाचून. विंचकम आणि बोर्टन दोन्हीकडे खोल्या मिळाल्या, आत्ताच बुक केल्या. अजून एक, दुसऱ्या दिवशी एकादशी आहे आणि बाबा उपास मोडत नाहीत. पबमध्ये काय मिळेल?

टेकाड:
जॅकेट पोटॅटो! भाजलेला अख्खा बटाटा, नुसतं बटर आणि मीठ सांगा, बीन्स नको म्हणून दोनदा सांगा. पण बऱ्याच पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं, एक वाजता टेबलावर बसलेले असा. शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर बॅगेत ठेवाच, मधल्या गावांत दुकान असेलच असं नाही.

कोथिंबीर:
विषयाला सोडून विचारते, रीडिंगमध्ये राजगिऱ्याचं पीठ कुठे मिळतं? स्लॉला जाऊन आणावं लागतं.

द्राक्षवेल:
@कोथिंबीर व्यनि करते.

घाटमाथा:
बाबांच्या सायकलचं राहिलं. दुकानात फोन करून पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची ते विचार. ३४ ला ३४, म्हणजे एकास एक, किंवा त्याहून हलकं हवं. सामान लादून विंचकमचा चढ त्याशिवाय होणार नाही. उंचीही कळव त्यांना. आणि अरुंद रस्त्यावर पुढे घोडा दिसला तर घंटी वाजवायची नाही, लांबूनच "हॅलो" म्हणायचं, हळू, भरपूर अंतर सोडून जायचं. बाबांना हे निघायच्या आधी सांग, आपल्याकडे उलट सवय असते.

द्राक्षवेल:
उंची पाच फूट पाच. दुकानवाले म्हणाले पुढे ३०, मागे ३४, चालेल ना? गाडीत दोन्ही सायकलींची जागा मिळाली, जाताना आणि येताना. शेवटचा प्रश्न, बाबांना स्वतःचं सीट नाशिकहून आणायचंय, अकरा वर्षं तेच आहे, दुसऱ्यावर बसवत नाही म्हणतात. भाड्याच्या सायकलला बसेल का?

घाटमाथा:
३०-३४ मस्त. सीट आणू देत, खालच्या सळ्या बहुतेक सगळीकडे ७ मिमीच्याच असतात, बसेल. सामानात टाकताना सीटच्या पुढच्या टोकापासून सीटपोस्टपर्यंतचं अंतर आणि पेडलपासून सीटची उंची टेपने मोजून कागदावर लिहून आणायला सांग, इथे तेवढंच लावायचं. ५ आणि ६ ची अ‍ॅलन की तुझ्याकडे असू दे.