कॉम्पॅक्ट एसयूव्ही : सर्वसाधारण की लक्झरी? नवलाई ओसरल्यानंतरचे अनुभव

येत्या दोन-तीन महिन्यांत आम्हाला गाडी घ्यायची आहे. आकाराबाबत घरात एकमत आहे : साधारण साडेचार मीटर लांबीची, उंच बैठकीची, पाच माणसांची एसयूव्ही. अडले आहे ते त्यापुढच्या प्रश्नावर. सर्वसाधारण कंपनीच्या गाडीचे सर्वांत वरचे व्हेरिअंट आणि लक्झरी कंपनीच्या गाडीचे सर्वांत खालचे व्हेरिअंट यांची किंमत जवळजवळ सारखीच येते आहे. पहिल्या गाडीत सनरूफ, गार हवा देणाऱ्या सीट, मोठा पडदा असे सगळे काही आहे. दुसरीत यांतले बरेचसे नाही, पण तिचे दार लावताना येणारा भरीव आवाज आणि त्यानंतर आत जाणवणारी शांतता मनातून जात नाही.

नव्या गाडीचे पहिल्या महिन्यातले कौतुक भरपूर वाचायला मिळते. मला त्याच्या पुढचे हवे आहे. ज्यांनी यांपैकी कोणतीही गाडी किमान दोन वर्षे वापरली आहे, त्यांनी नवलाई ओसरल्यावर कोणता फरक रोज जाणवत राहिला, कोणता विसरला गेला आणि निर्णयाच्या वेळी काय पाहायचे राहून गेले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. बिघाडाविषयी लिहिताना मात्र कंपनीचे नाव टाळावे, कारण एका गाडीवरून सगळ्या कंपनीविषयी मत बनवणे योग्य होणार नाही.

* * *

चार वर्षांपूर्वी मी नेमका याच पेचात होतो आणि लक्झरी गाडीचे खालचे व्हेरिअंट घेतले. निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही, पण एक चूक सांगतो, कारण ती टाळता येण्यासारखी आहे. टेस्ट ड्राइव्हसाठी जी गाडी दिली होती, तिला रस्त्याप्रमाणे आपोआप मऊ-कडक होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, चालकाच्या सीटला मांडीखालचा भाग पुढे सरकवण्याची सोय होती आणि ध्वनियंत्रणाही वरच्या दर्जाची होती. ती गाडी मला आवडली. मी जी गाडी मागवली, तिच्यात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. कागदावर सगळे स्पष्ट लिहिलेले होते, पण ‘हीच गाडी’ एवढेच डोक्यात असल्यामुळे मी ती यादी ओळीने वाचली नाही. घरी आलेल्या गाडीचा तोल आणि वळणावरची पकड तीच होती, पण तुटक्या रस्त्यावरचा मऊपणा नव्हता, आणि मला भुरळ पडली होती ती त्या मऊपणाची.

लक्झरी कंपन्यांमध्ये अशा सोयी बहुधा वेगवेगळ्या पॅकेजमध्ये विभागलेल्या असतात, तर सर्वसाधारण कंपन्यांमध्ये व्हेरिअंट ठरले की बहुतेक सगळे ठरून जाते. म्हणून आपण जे व्हेरिअंट, ज्या मापाच्या टायरसह घेणार आहोत, नेमके तेच चालवायला मागावे. तशी गाडी उपलब्ध नसेल तर ती मिळेपर्यंत थांबावे.

टिकून राहिलेला फरक म्हणाल तर वेगात गाडी ज्या शांतपणे सरळ धावते तो. बोधचिन्हाचा आनंद तीन-चार महिन्यांत मावळला आणि दारांतले रंगीत दिवे आता माझ्या लक्षातही येत नाहीत.

* * *

‘आतून गाडी एकच असते, फक्त चिन्हाचे पैसे घेतात’ असे वाक्य या विषयावर नेहमी ऐकू येते. मी वाहनांच्या रचनेशी संबंधित काम करतो आणि स्वतः सर्वसाधारण कंपनीची गाडी वापरतो, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. पण हे वाक्य अर्धेच खरे आहे.

खरे आहे ते असे. दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू३ आणि तिच्या काळातली, त्याच उद्योगसमूहातली फोक्सवॅगन टिग्वान एमक्यूबी या एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या एकाच मूळ साच्यावर, उभ्या आहेत. पाचव्या पिढीची टोयोटा आरएव्ही४ आणि टोयोटाच्याच लक्झरी शाखेची, दुसऱ्या पिढीची लेक्सस एनएक्स यांचा पाया जीए-के हा एकच प्लॅटफॉर्म आहे, तर लेक्सस यूएक्सचा पाया कोरोलाच्या कुळातला. बीएमडब्ल्यू एक्स१ ही २००९ मध्ये मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या रचनेवर आली होती, पण २०१५ च्या पिढीपासून तिचे इंजिन बहुतेक सर्वसाधारण गाड्यांप्रमाणे आडवे बसते आणि मूळ रचना पुढच्या चाकांना शक्ती देणारी आहे. म्हणजे लक्झरी गाड्यांचे जे ‘वेगळे घराणे’ मोठ्या सेडानमध्ये असते, ते या आकारात बहुतेक ठिकाणी उरलेले नाही.

मात्र एक प्लॅटफॉर्म म्हणजे एक गाडी नव्हे. गाडीच्या तळाचा साचा, इंजिन बसवण्याच्या जागा आणि विजेच्या जाळ्याची मांडणी सामाईक असली, तरी त्या साच्यावर काय चढवायचे हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. लक्झरी गाडीत दारांना रबराच्या दुहेरी कडा असू शकतात, बाजूच्या काचाही दोन थरांच्या आणि मध्ये आवाज शोषणारा पातळ प्लास्टिकचा पडदा असलेल्या असू शकतात. सस्पेन्शनचे रबरी बुश (जोडांतले रबराचे तुकडे) वेगळे असतात आणि चाकांच्या कमानींत जाड अस्तर असते. आवाज १० डेसिबलने वाढला की तो कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे दोन-तीन डेसिबलचा फरक दहा मिनिटांच्या फेरीत फारसा कळत नाही, पण चार तासांच्या प्रवासानंतर उतरताना थकव्यात तो जाणवतो.

हे सगळे पाहायला शोरूममध्ये कोणाला विचारण्याचीही गरज नाही. काच अर्धी खाली करून तिची वरची कड पाहिली की ती एकसंध आहे की दोन थरांची हे दिसते. दार उघडून रबराच्या कडा मोजाव्यात. काही सर्वसाधारण गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्येही आता पुढच्या दारांना अशा काचा मिळतात, आणि तिथे हा फरक बराच कमी होतो.

* * *

आमच्या घरातला निर्णय आईच्या गुडघ्यांनी केला. लक्झरी गाडीची मागची सीट दिसायला देखणी होती, पण बैठक खोलगट आणि दार अरुंद असल्यामुळे आईला आत जाताना मान वाकवून पाय उचलावा लागत होता आणि उतरताना कोणाचा तरी हात लागत होता. सर्वसाधारण गाडीत ती सरळ बसली आणि सरळ उतरली. आम्ही तिच्याकडून हे तीनदा करून घेतले, कारण पहिल्या वेळी ती आमच्या समाधानासाठी ‘ठीक आहे’ म्हणाली होती.

या आकाराच्या लक्झरी गाड्यांमध्ये जागेची तडजोड बरेचदा मागच्या बाजूला होते. पाचव्या पिढीच्या टोयोटा आरएव्ही४ची डिक्की ५८० लिटरची आहे, तर दुसऱ्या पिढीच्या मर्सिडीझ जीएलएची ४३५ लिटरची. नुसते आकडे वाचून कळत नसेल तर घरची सर्वांत मोठी बॅग, व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी सोबत नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहावी. आम्ही तसे केले.

* * *

माझा अनुभव छोटा आहे, पण खर्चाची तुलना करताना तो कुठेच धरला जात नाही म्हणून लिहिते. आमच्या लक्झरी गाडीला स्टेपनी नव्हती, रन-फ्लॅट टायर होते. अशा टायरच्या बाजूच्या भिंती कडक असतात. हवा गेल्यावरही गाडी साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० किलोमीटरपेक्षा कमी वेगाने चालू शकते. रात्री निर्जन रस्त्यावर पंक्चर झाले तेव्हा रस्त्यावर उतरावे लागले नाही, याबद्दल मी खरोखर कृतज्ञ आहे. पण त्या मापाचा टायर जवळपास कुठेही मिळाला नाही, हवेविना चाललेला टायर दुरुस्त करण्यास कोणी तयार झाले नाही आणि गाडी दोन दिवस उभी राहिली. तुमचा प्रवास मोठ्या गावांपासून दूरचा असेल तर डिक्कीचा तळ उचलून खाली काय आहे ते आधी पाहा.

* * *

तिसरा पर्याय कोणी मांडला नाही, म्हणून माझी गोष्ट सांगतो. नव्या सर्वसाधारण गाडीच्या किमतीत मी चार वर्षे वापरलेली, वरच्या व्हेरिअंटची लक्झरी गाडी घेतली. पहिल्या मालकाने तिची किंमत उतरण्याचा मोठा भाग सोसला होता, त्यामुळे व्यवहार फायद्याचा वाटला आणि पहिली दोन वर्षे तो तसा होताही.

त्यानंतर मला एक साधे सत्य कळले. आपण गाडी जुन्या किमतीला घेतो, पण सुटे भाग तिच्या नव्या किमतीच्या हिशेबाने येतात. पार्किंगमध्ये कोणीतरी पुढचा दिवा फोडला. पूर्वी बल्ब किंवा काच बदलली असती, इथे एलईडीचा संपूर्ण बंद संच बदलावा लागला. दगड लागून पुढची काच तडकली, तेव्हा नुसती काच बसवून भागले नाही, कारण तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा नेमका जुळवून घ्यावा लागतो, अन्यथा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीचे पाहते. बॅटरी बदलल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागली. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेच्या क्लचचे तेल ठरावीक अंतरानंतर बदलायचे असते, ते आधीच्या मालकाने कधीच बदलले नव्हते. शिवाय इंजिनाला जास्त ऑक्टेनचे, महागडे पेट्रोल लागत होते, हे मी टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वाचले, तेही गाडी घरी आणल्यानंतर.

यांतल्या काही गोष्टी आता सर्वसाधारण गाड्यांतही आल्या आहेत, हे मान्य आहे. कॅमेरा आणि एलईडी दिवे तिथेही आहेत. पण तिथे सुटे भाग जास्त ठिकाणी मिळतात आणि काम जाणणारे मेकॅनिकही जास्त असतात. माझ्या गाडीचे काम करणारी एकच कार्यशाळा होती आणि तिची वेळ मिळण्यासाठी कधी कधी तीन आठवडे थांबावे लागे. त्या तीन आठवड्यांत घरातले वृद्ध, मुलांची शाळा, माझी नोकरी यांची जी ओढाताण झाली, ती कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

गाडी मला फार आवडत असे. आजही रस्त्यात तशी दिसली की मी वळून पाहतो. तरीही हमी संपल्यानंतर लक्झरी गाडी ठेवायची असेल, तर दरवर्षी दुरुस्तीसाठी एक रक्कम बाजूला काढण्याची तयारी आणि हाताशी दुसरी गाडी, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय मी पुन्हा हे पाऊल उचलणार नाही.

* * *

सुरक्षेसाठी लक्झरी गाडी घेत असाल तर हे कारण पुन्हा तपासावे. एकेकाळी ते बरोबर होते. घसरणाऱ्या गाडीला सावरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासच्या कुळातून आली आणि बरीच वर्षे महागड्या गाड्यांपुरती राहिली. आज परिस्थिती निराळी आहे. युरोपीय संघात आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सांभाळणारी यंत्रणा जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची आहे. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांत सर्वसाधारण कंपन्यांच्या अनेक एसयूव्हींना पाच तारे मिळालेले आहेत.

फक्त तारे कोणत्या वर्षीचे हे पाहावे, कारण चाचण्या दर काही वर्षांनी कठोर होत जातात. २०२० मध्ये समोरच्या धडकेची चाचणीच बदलली, त्यामुळे २०१५ चे पाच तारे आणि २०२३ चे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. मी स्वतः सर्वसाधारण गाडी घेतली आणि यादीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सर्व व्हेरिअंटमध्ये आहे की फक्त वरच्या, एवढे मात्र अक्षर न् अक्षर वाचून घेतले.

* * *

सर्वसाधारण गाडीच्या सर्वांत वरच्या व्हेरिअंटचा पाच वर्षांचा माझा अनुभव आहे आणि तुमच्या तुलनेतल्या दोन्ही टोकांविषयी मला शंका वाटते. सनरूफ मी पहिल्या वर्षी वीस-पंचवीस वेळा उघडले असेल, पाचव्या वर्षी एकदाही नाही. गार सीटचा मात्र उन्हाळाभर रोज उपयोग झाला, तो मान्य करायलाच हवा.

खरा त्रास झाला तो वरच्या व्हेरिअंटसोबत आलेल्या १९ इंची चाकांचा. चाकाचा बाहेरचा घेर तेवढाच ठेवून मधली धातूची रिम मोठी केली, की रबराची उंची कमी होते आणि खड्ड्याचा धक्का शोषायला हवेचा थर पातळ उरतो. हीच गाडी मधल्या व्हेरिअंटमध्ये १७ इंची चाकांवर येते आणि माझ्या मित्राकडे ती आहे. त्याच्या गाडीत बसल्यावर मला ती वरच्या वर्गातली वाटली, आणि ती माझ्यापेक्षा स्वस्त होती. अखेर मी अधिकृत कार्यशाळेत ब्रेकच्या मापाला आणि गाडीच्या वजनाला चालतील अशी १७ इंची चाके बसवून घेतली, आणि ज्या मऊपणासाठी मी लक्झरी गाडीचा विचार करत होतो, त्याचा बराच भाग मला तिथे मिळाला.

* * *

किंमत उतरण्याविषयी दोनच गोष्टी. टक्केवारी पाहू नये, आपल्या खिशातून जाणारी रक्कम पाहावी, कारण महागड्या गाडीची टक्केवारी तेवढीच असली तरी रक्कम मोठीच असते. आणि दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला हा आकडा जितका बोचतो, तितका ती दहा वर्षे वापरणाऱ्याला बोचत नाही. दहा वर्षे वापरणाऱ्याने हमीनंतरच्या दुरुस्तीचा हिशेब आधी करावा.

* * *

माझ्या नोकरीमुळे मला आठवड्यातून दोनदा, बहुतेक वेळा रात्री, साडेतीनशे किलोमीटर एकटीने गाडी चालवावी लागते. आधीची गाडी सर्वसाधारण होती, अत्यंत विश्वासू होती आणि सात वर्षांत तिने मला एकदाही अडवले नाही. तरी मी लक्झरी गाडी घेतली आणि तीन वर्षांनंतरही तो निर्णय मला पटतो. समोरून येणाऱ्या गाडीपुरता झोत कापून बाकी रस्ता उजळ ठेवणारे तिचे दिवे आणि तिची सीट, या दोन गोष्टींसाठी मी जास्त पैसे मोजले. पूर्वी घरी पोहोचल्यावर कंबर शेकत तासभर पडून राहावे लागे. आता तसे होत नाही.

पण मी त्या सीटवर शोरूममध्ये पाच मिनिटे बसून निर्णय घेतला नव्हता. एक पूर्ण दिवस गाडी भाड्याने घेतली आणि माझ्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेळी, जाऊन-येऊन चालवली. त्याच आठवड्यात सर्वसाधारण गाडीही तशीच चालवली होती. तुम्ही गाडी किती आणि कुठे चालवता हे लिहिले नाही. ते कळवलेत तर अधिक नेमके सांगता येईल.