सांता खरा नाही हे पोराला कसं सांगायचं?

टिळकवाडीकर: पोरगं तिसरीत आहे, शाळेत कुणीतरी सांगितलंय सांता म्हणजे पप्पाच, आता रोज विचारालाय खरं काय ते सांगा म्हणून, २५ डिसेंबर तोंडावर आलाय आणि गिफ्ट कपाटात लपवलंय, काय करू?

खानापूरची आई: विचारालाय म्हणजे निम्मं कळलंयच की ओ. सरळ सांगा. आमचीचा पहिला प्रश्न काय, आता गिफ्ट बंद काय!

कॅम्पवाला: सगळंच खोटं होतं असं नका सांगू. सांता ज्याच्यावरनं आला तो संत निकोलस खरा माणूस, चौथ्या शतकातला मायराचा बिशप, ते गाव आताच्या तुर्कस्तानात येतंय. ६ डिसेंबरला त्याचा सण. गुपचूप मदत करायचा अशा गोष्टी सांगतात. घरात धाकटं असलं तर यंदा यालाच गिफ्ट ठेवायला लावा, लई खूश होतंय.

टिळकवाडीकर: धाकटी आहे की, बालवाडीत. पण याच्या पोटात काय राहत नाही, तेवढंच टेन्शन.