टुरेट असलेल्या मुलाला कुठल्या बाकावर बसवावं?

तिलकनगरची_ताई: इंदुरातल्या शाळांत 'लक्ष लागत नाही' म्हटलं की मुलाला पहिल्या बाकावर आणतात. नुसता एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा विकार) असेल तर ठीक. टुरेट, म्हणजे नको असताना होणाऱ्या हालचाली नि आवाजांचा, 'टिक्स'चा विकार असेल, तर माझा साफ विरोध. पाठीमागे अख्खा वर्ग असला की मूल मान झटकणं, घसा खाकरणं दाबून धरतं. टिकच्या आधी शिंकेसारखी शिवशिव होते, ती अडवण्यातच सगळं लक्ष जातं. भागाकार वहीत उतरतो तो दुसऱ्या पायरीपर्यंतच, आणि शेरा मिळतो 'चित्त थाऱ्यावर नाही'. मागे, दाराजवळ बसवा.

भंवरकुआं_सर: नाही पटलं, ताई. टुरेट असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना एडीएचडीही असतो. त्यांच्यासाठी दार म्हणजे जिना, चपलांचा ढीग, येणारे-जाणारे. शिवाय टिक थोपवायला शिकवता येतं. मान झटकावीशी वाटली की नजर समोर, हनुवटी थोडी खाली, मानेचे स्नायू हलके ताठ. १ मिनिट, किंवा शिवशिव ओसरेपर्यंत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ९ ते १७ वयाची १२६ मुलं होती, १० आठवड्यांत ८ बैठका. नुसता धीर आणि माहिती मिळालेल्या मुलांपेक्षा ही पद्धत शिकलेल्या मुलांच्या टिक्स जास्त उतरल्या.

तिलकनगरची_ताई: पद्धत चांगलीच आहे सर, पण अंगवळणी पडेपर्यंत तीही लक्ष खाते. सराव घरी, एका वेळी एकच टिक, सगळ्यांत त्रासाची आधी. वर्गात बाईंनी 'मान, मान!' म्हणणं तर बंदच करावं. टिकचं नाव काढलं की टिक वाढते.

छावणीकर: दुसऱ्या ओळीचं भिंतीकडचं टोक बघा. फळा जवळ, एक बाजू झाकलेली. टिक मोकळी करायला बाहेर जायचं असेल तर हात वर करायला लावू नका. बाकावरचं कार्ड उलटं ठेवायचं, २-३ मिनिटांत परत यायचं. डोळे फिरण्याची टिक असेल तर वाचताना ओळच हरवते, तिथे बाक बदलून काही होत नाही. ओळीखाली धरायला पट्टी द्या.

भंवरकुआं_सर: दुसरी ओळ कबूल. कार्डाला मात्र अट हवी. टिक आली की गणित टळतं असं झालं, तर टिक्सच वाढतात. परत आल्यावर तेच गणित, सोडलं तिथून पुढे.

तिलकनगरची_ताई: अट मान्य. पण परीक्षेला वेगळी खोली हवीच. घशाची टिक असलेलं मूल भरल्या वर्गात तीन तास पेपर सोडून घसाच सांभाळत बसतं.