बर्फाचा स्तूप उभारला की लडाखचा दुष्काळ संपला?

गुंठेवारी: "लडाखने बर्फाचे स्तूप उभारून दुष्काळ संपवला, आपण टँकरच मोजतोय," असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. स्तूप म्हणजे हिवाळ्यात ओढ्याचं पाणी पाइपाने आणून, फवारून गोठवलेला उंच शंकू; वसंतात तो वितळतो आणि शेताला पाणी मिळतं. हिशेब करा की राव! २०१३-१४च्या हिवाळ्यातला पहिला नमुना साधारण दीड लाख लिटरचा. शेतात ५ सेंमी पाणी द्यायच्या एका पाळीला हेक्टरी ५ लाख लिटर लागतात. भिजले किती? जेमतेम ३० गुंठे.

चढउतार: नमुन्यावरून योजना मोजताय? नंतरचे स्तूप कितीतरी पट मोठे आहेत. खरी अडचण एप्रिल-मेची. जव पेरायचा तेव्हा, आणि हिमनदीचं पाणी ओढ्याला येतं जूनमध्ये. मधला काळ उतारावरच्या हिवाळी बर्फावर निघायचा. तो आता कमी पडतो, पडला तरी लवकर वितळतो.

गुंठेवारी: मग पाइपात सोडणार काय? स्तूप पाणी तयार करत नाही, हिवाळ्यात वाहून जाणारं अडवतो. लडाखातल्या कुलुमचे लोक तर पाणीच नाही म्हणून गाव सोडून गेले. शिवाय फवाऱ्याचं नोझल बारीक केलं की तोंडाशीच गोठतं, मोठं ठेवलं की पाणी न गोठताच खाली पळतं.

चढउतार: म्हणून तर पाइप जमिनीत गाडतात आणि उतार एकसारखा ठेवतात. मध्ये खोलगट भाग राहिला की तिथेच पाणी साचून गोठतं. फवारा थांबवला की पाइप पूर्ण रिकामा करायचा, नाहीतर फुटलाच. लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल तर १९८७ पासून सावलीच्या उतारावर दगडी बांध घालून पाणी गोठवत आले. उंच फवारा नाही, नोझल नाही.

कोरडा_संडास: आणि लेहच्या हॉटेलांतले फ्लश? एका वेळी ६ ते १० लिटर, तेही बोअरचं. लडाखी संडासात वर माती-राख टाकायची, खालच्या खोलीतलं खत वसंतात शेतात. पाणी शून्य. पण आपल्या पुण्या-मुंबईच्या ग्रुपला गरम शॉवर हवा!

चढउतार: विषय पेरणीचा चाललाय.

कोरडा_संडास: पाणी एकच आहे हो! बोअरने भूजल उपसायचं, शोषखड्ड्यातून घाण त्याच भूजलात, आणि चर्चा नोझलची.

सहल_संयोजक: पर्यटक बंद केले तर लेह खाणार काय? जव?

कोरडा_संडास: बंद करा कोण म्हणालं? बादली द्या, कोरडा संडास द्या, दर तोच ठेवा.

गुंठेवारी: बरं, पेरणीपुरता स्तूप मान्य. "दुष्काळ संपवला" तेवढं खोडा. आणि ओढ्याचं पाणी वर अडवलं तर खालच्या गावाची पाळी कोण ठरवणार, तेही सांगा.

चढउतार: चुरपोन ठरवतो. गावचा पाणीवाटप बघणारा.

गुंठेवारी: एका गावातलं. दोन गावांमधलं विचारलं मी.