मदत हवी आहे: आठवड्याच्या भावांचा ताळमेळ कसा लावता?

मंडळी, अंडी, कोंबडी, मका आणि वाळल्या चाऱ्याचे साप्ताहिक भाव मी वहीत उतरवून ठेवतो, पण हिशोब जुळत नाही. अंडी शेकड्यावर, कोंबडी जिवंत वजनावर, मका क्विंटलवर आणि चारा कधी पेंढीवर, कधी टनावर! पेंढीचं वजन काय धरायचं? मक्यात ओल 14 टक्के की 18, यावरही भाव हलतो. बाजार समितीच्या भावपत्रकात ओलीचा आकडा नसतोच. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे खर्चाचं खरं ओझं धान्याचंच. मग अंड्याच्या भावासमोर त्याच आठवड्याचा मका मांडायचा, की खाद्य भरलं तेव्हाचा? पत्रकातले किमान-कमाल भाव सोडून सर्वसाधारण (बहुतेक माल ज्या भावाला गेला तो) भावच धरता का? चाऱ्याचं तर मला काहीच कळेना.