कुवेत की पोर्तुगाल : देश पारखावा की प्रदेश?

कुळागर :
माझा पुतण्या फोंड्यात एसी दुरुस्तीचे काम करतो आणि सध्या त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, कुवेतमधील देखभाल कंपनीची नोकरी. दुसरी, आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना, गोव्यात झालेला असल्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बन गाठणे. घरातली सारी चर्चा पगाराभोवती फिरते. माझ्या मते पगाराच्याही आधी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : घेतलेला निर्णय मागे फिरवता येतो का, आणि ज्या भागात राहायचे तिथला धोका कोणत्या प्रकारचा आहे.

कुवेतमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही, पण राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो आणि नोकरी संपली की मुक्कामही संपतो. कामगारांच्या निवासाची अवस्था काय असू शकते, हे १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीने दाखवले. मृतांत बहुसंख्य भारतीय होते. पोर्तुगालमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा आहे आणि युरोपीय संघात कोठेही राहण्याचा हक्क मिळतो. मात्र २०२५ मध्ये तिथले किमान वेतन महिना ८७० युरो होते. त्यातून ११ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले गेल्यावर उरलेल्या रकमेत लिस्बनचे घरभाडे भागवायचे म्हणजे खोली वाटून घेणे आलेच. अंतर्भागात घरे स्वस्त आहेत, पण नोकऱ्या विरळ, आणि उन्हाळ्यात वणवे. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांद परिसरात ६६ माणसे दगावली. ‘पोर्तुगाल सुरक्षित देश आहे’ हे वाक्य त्यामुळे खरे असूनही अपुरे आहे.

परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या कायद्यातील कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. म्हणून आधी कुवेत, असे माझे मत आहे.

खाणपट्टा :
आपल्या मांडणीत इथेच राहण्याची जोखीम कुठेच दिसत नाही. मी डिचोली तालुक्यातला आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांचे भारतीय नागरिकत्व शाबूत होते आणि ट्रक दारात गंजत होते. एका उद्योगावर उभा असलेला तालुका हाही धोक्याचाच प्रदेश असतो, मग तो आपल्या घराच्या अंगणापासून सुरू होत असला तरी.

शिवाय नागरिकत्वाची वाट आपण म्हणता तशी एकतर्फी नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते) घेऊन पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असले, तर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. उलट कुवेतची दहा वर्षे संपल्यावर हाती काय राहणार? साठवलेला पैसा आणि वाढलेले वय. मुलांच्या शिक्षणाचा विचार केला, तर युरोपचा हक्क पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो.

परतलेला सासष्टीकर :
कुवेतमधून कधीही परतता येते, असे कुळागर यांचे म्हणणे दिसते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या तेव्हा मी तिथेच होतो. परतण्यासाठी इराकमधून जॉर्डनपर्यंत रस्ता कापावा लागला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. बँकेतला पैसा त्या काळात कागदावरच राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई मिळाली ती फार नंतर.

तरीही मी खाणपट्टा यांच्याशी सहमत नाही. पिढीतून एखाद्या वेळी येणारे युद्ध आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारे भाडे यांचे वजन एकाच तराजूत करता येत नाही. कुवेती कामगार कायद्याप्रमाणे मासिक पगारदाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी पंधरा दिवसांचा आणि पुढे दरवर्षी एका महिन्याचा पगार सेवासमाप्तीचे देणे म्हणून मिळतो. दक्षिण गोव्यातल्या आमच्या सासष्टीतली कितीतरी घरे या पैशावर उभी आहेत. एवढेच पाहावे की बचत तिथे साठू न देता दरमहा घरी पाठवली जाते, आणि करारात निवासाची सोय स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसरी पिढी :
माझे नातलग इंग्लंडमधल्या स्विंडनला आहेत. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्या पुष्कळांना मुळात लिस्बनला जायचेच नव्हते. त्यांना इंग्लंड हवे होते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा असा कौल देणाऱ्या २०१६ च्या सार्वमताने ते दार बंद होऊ लागले. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिथे राहायला गेलेल्यांचा हक्क टिकला, नंतरच्यांना साधा व्हिसाच लागतो. पासपोर्टची किंमत अशी दुसऱ्यांच्या मतदानाने बदलते. त्याच स्विंडनमधला होंडाचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, तेव्हा खाणपट्टा यांनी वर्णन केलेली डिचोली विलायतेतही भेटते. आयर्लंड अजून युरोपीय संघात आहे आणि तिथे भाषेची अडचण कमी. लिस्बनचाच हट्ट का, हे मला कळलेले नाही.

कुळागर :
आयर्लंडचा मुद्दा मान्य, पण तिथेही जायचे तर नागरिकत्व सोडूनच जावे लागेल. पुन्हा अर्ज करता येतो हे खरे असले तरी मंजुरी सरकारच्या हाती असते, आणि मधल्या काळात मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्यासारख्या सुपारी-नारळावर जगणाऱ्या घरात हे किरकोळ नाही.

खाणपट्टा :
विकत घेता येत नाही; वारशाने मात्र मिळते आणि ठेवताही येते. फक्त पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. पुतण्याला वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, हवे असेल, तर पासपोर्ट त्याच्या आड येत नाही. हवे तर त्याने कुवेतला जावे, पण निघण्यापूर्वी आजोबांचे जन्माचे दाखले आणि घरातल्या कागदांवरील नावांचा मेळ बसवून ठेवावा. पोर्तुगीज काळातील नोंदीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, यातच कितीतरी प्रकरणे अडकतात.

कुळागर :
कागद जमवायला माझी हरकत नाही. मात्र लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली तरी भारतीय नागरिकत्व गेले असे धरायचे का, यावर गोव्यात बरेच वाद झालेले आहेत. तेव्हा वकिलाचा लेखी सल्ला हाती येईपर्यंत त्याने तिकडे एकही अर्ज पाठवू नये.